माणूस दवाखान्यात, ढोर कोठ्यात: महिनाभराच्या राखणीचा हिशेब

रात्री अकराला छातीत दुखायला लागतं, गाडी करून पेशंटला अकोल्याला हलवतात आणि घरातली दोन माणसं सोबत जातात. सकाळी सहाला कोठ्यात म्हैस रेकायला लागते. अशा वेळी ‘शेजारी बघेल’ असं आपण धरून चालतो, आणि कारंजा तालुक्यातल्या धनजसारख्या गावात शेजारी बघतोही. पण तीन दिवस. चौथ्या दिवशी त्याच्या घरचं कुटार संपत येतं, वावरातलं काम खोळंबतं, आणि आजारपणात पैशाचं कसं बोलायचं म्हणून तो गप्प राहतो. आठ-दहा दिवसांनी दवाखान्यात निरोप येतो की म्हैस आटली.

फुकटची राखण महाग पडते ती अशी. म्हणून आधी आकडे.

पुण्या-मुंबईत कुत्रा काही दिवस ठेवून घेणारी बोर्डिंगं आहेत. तिथं साधारण दिवसाला ५०० ते १००० रुपये मोजावे लागतात, आणि लसीचं कार्ड नसेल तर दारातूनच परत यावं लागतं. कारंजा तालुक्यातल्या माणसाला हा दर फक्त ऐकून ठेवण्यापुरता. आपल्या कामाचे आकडे सरकारी कागदांत सापडतात. २०१९च्या दुष्काळात मराठवाड्यात आणि पश्चिम महाराष्ट्रात चारा छावण्या लागल्या, तेव्हा शासनाचा दर वाढत वाढत मोठ्या जनावराला दिवसाला १०० आणि लहान जनावराला ५० रुपयांवर गेला. त्यात मोठ्या जनावराला रोज १८ किलो हिरवा चारा धरला होता. पुढे सप्टेंबर २०२४मध्ये गोशाळांतल्या देशी गाईंसाठी दिवसाला ५० रुपये अनुदान मंजूर झालं. ती मदत आहे, पूर्ण खर्च नव्हे. तेव्हा कोणी ‘वीस रुपयांत गाय सांभाळतो’ म्हणाला, तर तो एकतर देवमाणूस असेल किंवा गाय उपाशी राहील.

आता घरचा हिशेब. साडेतीनशे किलोच्या जनावराला दिवसाकाठी नऊ-दहा किलो कोरडं खाणं लागतं. सोयाबीन-तुरीचं कुटार घरचं असेल तर तेच पाठवा. राखणाऱ्याच्या ढिगातून घालायला लावू नका, कारण उन्हाळ्यात त्याचा ढीग म्हणजे त्याचा पैसा. सरकीची ढेप किलोला ३५ रुपये धरू (तुमच्या दुकानातला आजचा भाव घाला), म्हणजे बैलाला रोज एक किलो दिली तर महिन्याला १०५० होतात. राहिली मजुरी. शेण काढणं, पाणी दाखवणं, दोन वेळा चारा टाकणं, ऊन-सावलीला खुंटा बदलणं, यात दोन तास जातात. गावात रोज ३०० असेल तर त्याची चौथाई ७५. बैलजोडीचा महिना मग असा: मजुरी २२५०, ढेप २१००, मिळून ४३५०. कुटार घरचं.

हा आकडा ऐकून ‘त्यापेक्षा विकून टाकू’ असं तोंडातून निघतं. घाईनं विकलेल्या जोडीला बाजारात किती कमी येतात आणि पेरणीच्या तोंडावर तशीच जोडी घ्यायला किती जास्त लागतात, ते एकदा कागदावर मांडा. फरक दहा हजारांचा निघाला, तरी त्यात दोन महिन्यांची राखण होऊन वर पैसे उरतात.

दुभत्या जनावराचं गणित वेगळं. ‘दूध तुम्हीच घ्या’ हे आठवडाभर ठीक आहे. समजा म्हैस पाच लिटर देते आणि लिटरला ४५ मिळतात, म्हणजे रोजचे २२५ झाले. दोन किलो ढेपेचे ७० आणि मजुरीचे ७५ वजा केले तर ८० उरतात. ते आजारी माणसाच्या घरचे आहेत. दवाखान्यात रोजच्या चहा-बिस्किटाला तेवढेच लागतात. म्हणून आठवड्यानंतर सरळ ठरवावं: सकाळचं दूध राखणाऱ्याचं, संध्याकाळचं आपल्या नावावर. आटलेल्या किंवा गाभण जनावराला दूध नसतं, तिथं खर्च आणि मजुरी रोख द्यावी लागते. लोक नेमकं इथंच लाजतात.

शेळ्यांच्या बाबतीत गावात अर्धलीची रीत आहे: राखणाऱ्यानं चारायचं, पिलं निम्मी-निम्मी. वर्ष-दोन वर्षांसाठी ती रास्त आहे. पण तुम्ही महिनाभर दवाखान्यात असताना शेळी व्याली आणि एक पाठ गेली, तर तो महिना फार महागात पडला. थोड्या दिवसांसाठी शेळीमागे महिन्याचा दर ठरवा आणि पिलं आपली राहतील हे चार लोकांसमोर बोला. दुसऱ्याच्या कळपात सोडण्याआधी पीपीआर या साथीच्या रोगाची लस झाली आहे का ते बघा. नाही तर शेळ्या परत येतील की नाही याचीच खात्री नाही, आणि त्याच्या शेळ्याही जातील.

घरात माणूस गेला असेल तेव्हाची गोष्ट जास्त अवघड. २००६मध्ये शेतकरी आत्महत्यांपायी पंतप्रधानांचं पॅकेज ज्या सहा जिल्ह्यांना मिळालं त्यात आपला वाशीम होता; इथल्या कास्तकाराला ते वेगळं सांगायला नको. अशा घरी तेराव्याच्या आतच कोणी काका, कोणी मेहुणा बैलांचा सौदा करून टाकतो. त्याचा हेतू वाईट असतो असं नाही. डोळ्यांसमोर ढोरं नकोत, असंही वाटत असेल. पण मागे राहिलेल्या बाईला पुढच्या महिन्यात काय पेरायचं आणि कोणाच्या जोडीनं, हे अजून कोणी विचारलेलं नसतं. माझं मत ठाम आहे: निदान महिनाभर कोठा रिकामा करू नये. नातेवाइकांना मदतच करायची असेल तर वरचे ४३५० रुपये आपसांत वाटून घ्यावेत. दुसऱ्या दिवशी आणलेल्या फळांच्या पिशव्यांपेक्षा ते कामी येतात.

मारहाणीला कंटाळून घर सोडणारी बाईही पुष्कळदा ढोरापायी अडते. ब्रिटनमध्ये डॉग्ज ट्रस्ट ही संस्था २००४पासून अशा घरांतली कुत्री तात्पुरती सांभाळते. आपल्याकडे तसं दार नसलं तरी कायद्याचा एक धागा आहे. माहेरानं आंदण दिलेली गाय किंवा शेळी हे स्त्रीधन, आणि २००५च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली ते परत देण्याचा आदेश न्यायदंडाधिकारी देऊ शकतात. अर्जात दागिन्यांच्या यादीखाली गाईचाही उल्लेख करायला सांगा. तोवर ती गाय भावाच्या कोठ्यात राहिली तर उत्तम.

कुत्र्याला शक्यतो हलवू नये. परक्या दारात बांधलेला कुत्रा दावं तोडून घरीच येतो, नाही तर रस्त्यावर गाडीखाली जातो. त्याला त्याच्याच ओसरीवर राहू द्या आणि खाऊ घालणारा माणूस ठरवा; भाकरी, दूध, अंडं धरून रोज ४०-५० रुपये पुरतात. रेबीजची लस आधी टोचून घ्या. आपल्या ताब्यातल्या जनावराबाबत हलगर्जी केली आणि त्यापासून माणसाला धोका झाला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हे राखणाऱ्यालाही लागू पडतं, म्हणून कुत्रा चावरा असेल तर लपवू नका. कुत्र्याला वाऱ्यावर सोडून देणं हाही प्राण्यांना क्रूरतेपासून वाचवणाऱ्या १९६०च्या कायद्यानं गुन्हा आहे, जरी पहिल्या वेळचा दंड आजही दहा ते पन्नास रुपयेच आहे. मांजराचं फार मनावर घेऊ नका, घर उघडं आणि ताटली भरलेली असली की झालं. पिंजऱ्यातला पोपट मात्र कोणाकडे सोपवू नका. आपला देशी पोपट पाळणंच वन्यजीव कायद्यात बसत नाही, शेजाऱ्याला त्यात कशाला ओढता? वन विभागाला कळवा.

शेवटी कागद. वहीचं एक पान पुरतं. कानातल्या टॅगचा बारा अंकी नंबर, लाळ-खुरकूत आणि घटसर्पाची लस कधी झाली, दूध किती, मारकं आहे का, कोणत्या पायानं अधू आहे. जनावर दुसऱ्या गावी न्यायचं असेल तर टॅग हवाच. २०२४च्या जूनपासून राज्यात विक्री-वाहतुकीला तो बंधनकारक आहे, आणि विमा असेल तर टॅगशिवाय दावा उभा राहत नाही. त्याखाली दोन ओळी फार महत्त्वाच्या. पहिली: न विचारता औषधपाण्याला किती खर्च करायचा (दोन हजार लिहा, म्हणजे रात्री दोनला तो फोन लागायची वाट बघत बसणार नाही). दुसरी: राखणाऱ्याची चूक नसताना जनावर दगावलं तर भरपाई मागणार नाही. ही दुसरी ओळ लिहिली नाही तर शहाणा माणूस ढोर ठेवून घेणारच नाही. पानाचा मोबाइलवर फोटो काढून दोघांकडे ठेवा.

गावातल्या गुरांच्या दवाखान्यात भागलं नाही तर अकोल्याला स्नातकोत्तर पशुवैद्यक संस्थेचं रुग्णालय आहे. तिथं न्यायच्या गाडीचं भाडं कोण देणार, तेही त्याच पानावर लिहा. आणि फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा टोल-फ्री नंबर १९६२ आजच खडूनं कोठ्याच्या दारावर लिहून ठेवा. राखणारा कोण असेल, हे आज कुठं ठाऊक आहे.