दिवस गेले म्हणून मांजर बाहेर सोडू नका

घरात कुणाला दिवस गेले की मांजराला हाकलण्याचा विषय निघतोच. मग कुणीतरी त्याला पिशवीत घालून मंडईपाशी सोडून येतं. भीती खरी आहे, उपाय मात्र उलटा आहे.

ही भीती टोक्सोप्लाझ्मा नावाच्या परजीवीची. गर्भारपणात त्याची पहिल्यांदाच लागण झाली, तर गर्भपात होऊ शकतो, बाळाच्या डोळ्यांना किंवा मेंदूला इजा होऊ शकते. पण मांजराला तो मिळतो उंदीर, पक्षी, कच्चं मांस खाऊन. घरातच राहून शिजवलेलं खाणाऱ्या मांजराकडून धोका फार कमी. लागण झालेलं मांजर साधारण एक ते तीन आठवडे विष्ठेतून हा परजीवी टाकतं आणि ती विष्ठा बाधक व्हायला एक ते पाच दिवस लागतात. म्हणून मांजराच्या विष्ठेचा ट्रे रोज साफ करा. ते काम गर्भवतीनं न करता दुसऱ्या कुणी करावं.

ओल्या मातीत मात्र हा परजीवी वर्षभरही तग धरतो. तुम्ही सोडलेलं मांजर उंदीर खाणार आणि कुठल्या तरी सोसायटीच्या बागेत माती उकरणार. तिथं मुलं खेळतात, दुसरी कुणी गर्भवती कुंड्या भरते. कुंड्यांना हात लावताना हातमोजे घाला, कोथिंबीर-मेथी नीट धुवा. मटण पुरतं शिजवा. घरात मांजर नसतानाही अर्धकच्च्या मांसातून लागण होते.

बाहेर सोडलेलं मांजर पक्ष्यांच्याही जिवावर उठतं; पोट भरलेलं मांजरही शिकार करतं. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाचा अंदाज आहे की अमेरिकेत मांजरं वर्षाला १३० ते ४०० कोटी पक्षी मारतात आणि त्यातले बहुतेक बेवारस मांजरांच्या तोंडी जातात. आपल्याकडे उन्हाळ्यात दयाळ, बुलबुल यांची नुकती घरट्याबाहेर पडलेली पिल्लं झुडपांत, जमिनीलगत बसलेली असतात. त्यांना पळताही येत नाही. मला याचं फार वाईट वाटतं, कारण हे टाळणं आपल्या हातात आहे. मांजराची नसबंदी करा, रेबीजची लस द्या, निदान रात्री तरी त्याला घरात ठेवा. आवारातल्या मांजरांना दूध घालणाऱ्यांनीही नसबंदी आणि लशीची जबाबदारी घ्यावी.

अनोळखी मांजर चावलं किंवा बोचकारलं, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा. हळद, चुना, तिखट काहीही लावू नका. त्याच दिवशी दवाखान्यात जा. रेबीजची लस गर्भारपणातही घेता येते.