उभी राहा, पण कागद तुझ्या हातात ठेव

अगं, पॅनेलवाले घरी येऊन गेले म्हणालीस. ग्रामपंचायतीच्या प्रभागातली जागा महिलांसाठी निघाली, वहिनींनी सही तेवढी करावी, बाकी आम्ही बघतो, असंच ना? त्यांना बघू देऊ नकोस. उभी राहा, मी मुद्दाम सांगतेय. पण अर्ज तुझा तू भर.

आधी घरपट्टी-पाणीपट्टीच्या पावत्या काढ. थकबाकी राहिली की अपात्रतेचं हत्यार विरोधकांच्या हाती आयतंच. मतदारयादीत तुझं नाव कसं छापलंय तेही बघ. माहेरचं-सासरचं सगळं गुंतलेलं असतं आपलं. सूचक त्याच प्रभागातला मतदार लागतो.

आणि खरी भानगड अतिक्रमणाची. तू म्हणशील, माझा काय संबंध? घरच्यांनी सरकारी जागेवर बांधलं आणि तू तिथेच राहतेस, तर तूही अडकतेस. सर्वोच्च न्यायालयानं 2018 मध्ये तसा निकाल दिलाय. मामंजींनी गायरानाकडे सरकवलेली ती पडवी... आत्ताच मोजून घ्या, नंतर रडू नका. उलट बाजूही सांगते. जळगाव जिल्ह्यातल्या विचखेड्याच्या सरपंच मनीषा पानपाटील यांचं पद अशाच आरोपावरून काढलं होतं. त्या दिल्लीपर्यंत लढल्या आणि 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते परत दिलं. बाई सरपंच झालेली गावाला पचत नाही, हेही न्यायमूर्तींनी ओळखलं. लढता येतं, पण आपल्यासारखीनं एवढी धावाधाव का ओढवून घ्यायची?

खर्चाची वही पहिल्या दिवसापासून स्वतः लिही. पत्रकं, रिक्षा, चहासुद्धा. निकालानंतर तीस दिवसांत हिशेब द्यावा लागतो, हरलीस तरी. नाही दिला तर पुढची पाच वर्षं निवडणुकीचं नाव काढायला नको.

प्रचाराचं फार मनावर घेऊ नकोस. ग्रामपंचायतीला पक्षाचं चिन्ह नसतं. मिळेल ते चिन्ह घे आणि संध्याकाळी, बायका मोकळ्या असतात तेव्हा, दारोदार जा. भाऊजींना सोबत नको नेऊस. ते गेले की बायका त्यांच्याशीच बोलतात.

आणि निवडून आलीस तर मासिक सभेच्या इतिवृत्तावर वाचल्याशिवाय सही करायची नाही. ‘वहिनी, घाई आहे’ म्हणतील. बसू दे त्यांना. तू चष्मा लाव आणि वाच.