लाफितचा द्राक्षमळा

फ्रान्समधील बोर्दो शहराच्या वायव्येस पोयाक नावाचे गाव आहे. तेथील ‘शातो लाफित’ हा मळा तांबड्या द्राक्षासवासाठी जगप्रसिद्ध आहे. शातो म्हणजे वाडा किंवा गढी. जमीन काळी, कसदार असेल असे आपणांस वाटेल. पण ती खडे-वाळूची आहे. पाणी झिरपून जाते, म्हणून वेलीची मुळे खोल उतरतात. फळ थोडे, पण रसाळ येते. १८५५ सालच्या प्रतवारीत लाफितला पहिला वर्ग मिळाला.

१८६८ साली बॅरन जेम्स द रोथशिल्ड यांनी हा मळा विकत घेतला आणि त्याच वर्षी ते निवर्तले. मळा मुलांकडे आला. त्यांतले धाकटे एदमों म्हणजेच आपले ‘हानादीव’. १८८२ मध्ये वसलेल्या रिशोन लेझिऑनला त्यांनी पैसा, फ्रान्सची द्राक्षकलमे आणि जाणकार माणसे पुरवली.

दुसऱ्या महायुद्धात विशी सरकारने ज्यूंची मालमत्ता म्हणून लाफित जप्त केले. वाड्यात जर्मन सैनिक राहिले. युद्धानंतर मळा कुटुंबाला परत मिळाला आणि युद्धकैदेतून सुटलेल्या एली द रोथशिल्ड यांनी तो पुन्हा नावारूपास आणला.

तेल अवीवच्या रोथशिल्ड मार्गाला नाव आहे ते याच एदमोंचे. नातवंडांना तेथून नेताना ही हकिकत अवश्य सांगावी.