पंख्याखाली वाळलेली माती

अहवाल देखणा होता. शिक्का, सही, दशांशापर्यंत आकडे. फक्त शेणखताच्या आणि निव्वळ रासायनिक खताच्या प्लॉटमधलं डिहायड्रोजिनेज, म्हणजे मातीतल्या जंतूंचं एक विकर, सारखंच, दोन्हीकडे जवळपास शून्य! सरांनी अहवाल पाहून मलाच विचारलं, "नमुने नीट घेतले होतेस ना?"

घेतले होते. ओली माती, बर्फाच्या डब्यातून, प्रत्येक पिशवीवर 'वाळवू नये, 4 अंशांवर ठेवावी' असं लिहून. शेवटी ज्या खासगी प्रयोगशाळेत नमुने दिले होते तिथे जाऊन थडकले, तर दुसऱ्या खेपेचे माझे नमुने वर्तमानपत्रावर पसरून पंख्याखाली ठेवलेले. तिथले साहेब म्हणाले, "मॅडम, माती परीक्षणाला माती वाळवूनच घेतात. वीस वर्षं हेच करतोय."

स्फुरद-पालाशासाठी वाळवा की! डिहायड्रोजिनेज जिवंत पेशींतच काम करतं. जंतू मेले की ते संपलं. फॉस्फेटेज, युरिएज या विकरांचा काही भाग चिकणमातीला आणि ह्युमसला चिकटून टिकतो, म्हणून वाळल्या मातीतही आकडे येतात आणि सगळं ठीक चाललंय असं वाटतं. सोयाबीनच्या फुलोऱ्यातली माती आता पुढच्या खरिपाशिवाय मिळायची नाही, हे त्यांना सांगून उपयोग नव्हता.

तेव्हा नमुने देण्याआधी प्रयोगशाळेकडे 'कंट्रोल'चे आकडे मागा. फॉस्फेटेज मोजताना सुटणाऱ्या नायट्रोफिनॉलचा पिवळा रंग वाचतात. क्रिया थांबवायला घातलेला सोडियम हायड्रॉक्साइड मातीतला ह्युमसही विरघळवतो, आणि तो तपकिरी रंग त्यातच मिसळतो. म्हणून प्रत्येक नमुन्याची एक नळी अशी हवी, की जिच्यात सब्स्ट्रेट क्रिया थांबवल्यानंतर घातलंय. मी विचारलं तर उत्तर आलं, "ब्लँक लावतो ना, पाण्याचा."

बफरचा सामू विचारा. आपल्या चुनखडीयुक्त काळ्या जमिनीचा सामू 8 च्या वर, तिथे अल्कलाइन फॉस्फेटेज सामू 11 ला मोजायचं. यांनी सरसकट 6.5 चा बफर वापरला होता. आकडा कोरड्या मातीच्या ग्रॅममागे आहे का, तेही बघा. ओलावा मोजायला थोडी माती वेगळी घेऊन 105 अंशांना वाळवतात, सगळी पिशवी नव्हे!

द्राक्षबागेची माती असेल तर आणखी जपा. वर्षानुवर्षं बोर्डो मिश्रण फवारलेल्या जमिनीत तांबं साठतं, आणि ते डिहायड्रोजिनेजच्या चाचणीतल्या लाल फॉर्माझानचं वाचन कमी दाखवतं. माती मेली नसताना मेलेली दिसते.

बाकी नेहमीचंच: पावती घ्या, सगळं लेखी ठेवा, ओळखीवर जाऊ नका.

पैसे परत मागितले तेव्हा साहेबांनी हात वर केले. "चाचणी तर केली ना आम्ही? उरलेली माती हवी तर घेऊन जा."