नावाचा अर्थ कोण ठरवितो?

वाचन : मत्तय २५:१४-३०, योहान २०:११-१८, प्रे. कृ. ११:१९-३०

इंग्रजीतील काही चमत्कारिक शब्द पवित्र शास्त्राशी नाते सांगतात. पण लोकांच्या तोंडी पडून ते कोठल्या कोठे गेले आहेत. त्यांपैकी तीन आम्ही येथे घेतले आहेत. शब्बाथ शाळेच्या मोठ्या वर्गाला ते सांगण्याजोगे आहेत.

पहिला शब्द 'बेडलम'. अर्थ, गोंधळ व आरडाओरडा. मूळ शब्द मात्र बेथलेहेम! इब्री भाषेत बेथलेहेम म्हणजे 'भाकरीचे घर'. सन १२४७ मध्ये लंडन येथे बेथलेहेमच्या पवित्र मरीयेच्या नावाने एक मठ स्थापन झाला. पुढे तेथे मनोरुग्णांचे इस्पितळ झाले आणि लोकांनी बोलता बोलता नावाचे 'बेडलम' केले. सतराव्या व अठराव्या शतकांत लोक तेथील रोग्यांना तमाशासारखे पाहावयास जात. असे तारणाऱ्याच्या जन्मगावाचे नाव गोंगाटाला पडले.

दुसरा शब्द 'मॉडलिन'. दारू पिऊन रडत बसणारा, किंवा उठल्याबसल्या डोळ्यांत पाणी आणणारा, तो मॉडलिन. हे नाव मग्दालीया मरीयेचे! युरोपातील चित्रकारांनी तिला पुष्कळदा रडतानाच रंगविले. योहान सांगतो की, ती कबरेजवळ रडत होती हे खरे. पण प्रभूला पाहिल्याची वार्ता शिष्यांकडे नेणारीही तीच. लोकांनी तिचे अश्रू लक्षात ठेवले, तिची साक्ष मात्र विसरली.

तिसरा शब्द 'टॅलंट'. हा मात्र वर चढला. पूर्वी हे चांदीचे एक वजन होते. ग्रीक हिशोबाने एका टॅलंटचे सहा हजार द्राख्मा होत, आणि द्राख्मा म्हणजे साधारण एका दिवसाची मजुरी. मत्तयाच्या दाखल्यात धनी दासांच्या हाती असे टॅलंट सोपवितो. आपल्या जुन्या मराठी भाषांतरात तेथे रुपये आहेत, म्हणून हे नाते सहज दिसत नाही. त्या दाखल्याच्या शिकवणीने पैशाच्या शब्दाला 'देवाने दिलेला अंगचा गुण' असा अर्थ आला.

यावरून काय शिकावे? नाव पवित्र असून भागत नाही. ते वागविणारे जसे, तसा त्याचा अर्थ होतो. शिष्यांना 'ख्रिस्ती' हे नाव प्रथम अंत्युखियात मिळाले. दुष्काळाची वार्ता ऐकून यहूदीयातील बंधुजनांना यथाशक्ती मदत पाठविणारे शिष्य हेच, असे तोच अध्याय सांगतो.

हेच नाव आज आपल्यापाशी आहे. आपल्या आळीतले लोक ते ऐकून काय समजतात, हे शब्दकोशात लिहिलेले नसते. दुकानदाराची उधारी आपण कशी फेडतो, घरकामाच्या बाईशी कसे बोलतो, आजारी शेजाऱ्याकडे जातो की नाही, यांवरून ते ठरते.

वर्गात विचारण्यासाठी :
१. 'बेडलम' या शब्दाची घसरण कशाने झाली?
२. आपल्या वागण्यावरून शेजारी 'ख्रिस्ती' या शब्दाचा काय अर्थ करीत असतील?