पेरणीनंतरचे पंधरा दिवस: कावळ्याला राखणदार दिसता कामा नये

मृगाचा पाऊस झाला की चाकण, कुरुळी, निघोजे, म्हाळुंगे या गावांत कंपन्यांच्या भिंतींमध्ये उरलेल्या वावरांत भुईमूग आणि मका पेरला जाईल. कावळ्याचा उपद्रव पूर्ण हंगामभर नसतो. पेरणीच्या दिवशी उघडं पडलेलं बी तो वेचतो. आठवड्याने कोंब वर आले की ते उपटून खालचा दाणा खातो आणि कोंब तिथेच टाकून देतो. दोन-तीन पानं फुटून मूळ धरलं की दाण्यातलं सत्त्व संपलेलं असतं आणि कावळ्याचंही लक्ष उडतं. म्हणजे राखण करायची ती बारा ते पंधरा दिवसांची. एवढ्या मुदतीसाठी बुजगावणं, फटाके, चमकपट्टी असं दिसणारं आणि वाजणारं काहीतरी शेतात लावायची आपल्याकडे रीत आहे. या औद्योगिक पट्ट्यात मात्र न दिसणारा राखणदार त्याहून जास्त कामाचा ठरेल.

इथला कावळा कशाला सरावलेला आहे, त्यावरून हे समजून घेता येतं. नाशिक महामार्गावरचे हॉर्न आणि कंपन्यांचे भोंगे ऐकत तो वाढला आहे. त्याला पत्र्याचा डबा वाजवून कितीसं बिचकवणार? पत्र्याच्या शेडांची आणि ओळीने उभ्या गाड्यांच्या काचांची चमक त्याच्या रोजच्या पाहण्यातली, मग चार दिवसांच्या चमकपट्टीचं त्याला अप्रूप ते काय. मोशीच्या कचरा डेपोवर तो माणसांच्या आणि यंत्रांच्या पायाशी खातो, आळंदीच्या घाटावर माणसाने ठेवलेला घास उचलतो. माणूस दिसला म्हणून तो उडत नाही. माणूस काय करतो आणि त्याचा दगड कुठवर पोहोचतो, हे पाहून ठरवतो. अमेरिकेत सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात जॉन मार्झलफ आणि सहकाऱ्यांनी विशिष्ट मुखवटे घालून कावळे पकडले आणि सोडले. पुढे काही वर्षं तो मुखवटा दिसला की कावळे ओरडून गोळा होत. ज्यांना कधी पकडलंच नव्हतं तेही त्यात सामील होत. ती जात वेगळी, आपला गावकावळा वेगळा. पण बांधावर रोज उभ्या राहणाऱ्या गड्याची गोफण किती लांब जाते हे कावळे दोन दिवसांत ओळखतात, हा गावोगावचा अनुभव त्याच दिशेचा आहे. दिसणाऱ्या राखणदाराचा पल्ला मोजता येतो. न दिसणाऱ्याचा येत नाही.

म्हणून आडोसा करावा, आणि तो पेरणीच्या आधी करावा. पेरणीनंतर शेतात नवं काही उभं राहिलं की त्याच्याकडे लक्ष जातंच. तुरीच्या काड्या, कडबा, बाभळीच्या फांद्या, नाहीतर शेडनेटचा जुना तुकडा, जे बांधावर आधीपासून असतं त्याच रंगाचं सामान घ्यावं. पुष्कळ जण भिंती चांगल्या करतात आणि वरून उघडं ठेवतात. कावळा बघतो ते तारेवरून आणि झाडावरून, तेव्हा छप्पर आधी, भिंती मागाहून. पाठीमागे झाड किंवा झुडूप असावं. मोकळ्या आभाळासमोर माणसाची आकृती काड्यांतूनही उठून दिसते. पांढरी टोपी, पांढरा सदरा आणि कंपनीचं चमकपट्ट्यांचं जॅकेट घरी ठेवावं. चेहरा आणि हात मळकट उपरण्याने झाकावेत. कपड्यांहूनही जास्त घात हालचाल करते, मोबाइल बघणाऱ्याची तर फारच. आत जायचं ते तांबडं फुटायच्या आधी, कारण आत शिरलेला माणूस कावळ्याने पाहिला तर पुढचं सगळं लपणं वाया. खाण्याचा जोर सूर्योदयानंतरच्या दोन तासांत आणि पुन्हा संध्याकाळी असतो. दुपारी बसायची गरज नाही. पहिला कावळा उतरला की लगेच हाकारू नये. चार-पाच उतरून खायला लागले की आतूनच एकदम आवाज करावा आणि गोफणीचा खडा त्यांच्या जवळ जमिनीवर टाकावा. बाहेर येऊन मागे धावू नये. दर दोन-तीन दिवसांनी जागा बदलावी, त्यामुळे दोन आडोसे असलेले बरे.

बीसुद्धा लपवायचंच आहे. भुईमूग आणि मका साधारण ५ सेंटिमीटर खोल पडावा, पाभरीमागून फळी मारावी आणि बांधाकडेला सांडलेलं बी त्याच दिवशी वेचून घ्यावं. पहिला कावळा त्या सांडलेल्या दाण्यांवरच येतो आणि त्याच्या मागून बाकीचे. काळ्या कापडाचा पंख पसरलेला खोटा कावळा काठीला उलटा टांगला तर काही दिवस उपयोग होतो, कारण मेलेल्या कावळ्याची जागा कावळे धोक्याची मानतात. त्यासाठी खरा कावळा मारू नये.

एवढा खटाटोप करण्यापेक्षा छऱ्याची बंदूक किंवा विषाचा दाणा सोपा, असं म्हणणारे भेटतात. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या पाचव्या अनुसूचीत उपद्रवी म्हणून कावळ्याचं नाव होतं, तेव्हा या म्हणण्याला आधार तरी होता. २०२२ च्या दुरुस्तीने ती अनुसूचीच गेली आणि १ एप्रिल २०२३ पासून ही दुरुस्ती लागू आहे. आता कुठलाही प्राणी उपद्रवी ठरवायचा तर केंद्र सरकारची अधिसूचना लागते. विष घालणं आणि सापळा लावणं हेही कायद्याच्या व्याख्येत शिकारच. फोरेट या दाणेदार कीटकनाशकावर ३१ डिसेंबर २०२० पासून बंदी आहे, तरी कुठे जुना डबा पडून असेल तर त्याचे दाणे कुत्री, कोंबड्या, शेजारच्या चाळीतली पोरं, कुणाच्याही वाट्याला येऊ शकतात. कंपनीच्या भिंतीला लागून असलेल्या वावरात छरा कुठे जाईल, याचाही भरवसा नाही. शिवाय नांगरटीच्या वेळी मागे चालणारा हाच कावळा हुमणीच्या अळ्या वेचत असतो, आणि त्या कामाची मजुरी आपण देत नाही.

खरी अडचण मनुष्यबळाची आहे. घरातली तरणी माणसं पहिल्या पाळीला कंपनीत जातात आणि राखणीची वेळ नेमकी तीच. यावर एकट्याने उपाय होत नाही. लगतच्या चार-पाच वावरांची पेरणी दोन-तीन दिवसांच्या आत उरकली तर कावळे विभागले जातात, प्रत्येकाचं नुकसान कमी होतं आणि राखणीची पाळी वाटून घेता येते. मधल्या जागेवरचा एक आडोसा दोन वावरांना पुरतो. तरीही तुटाळ पडलीच तर आठवडाभरात नांग्या भराव्यात. उशिरा टोकलेलं बी मागे पडतं आणि कावळ्याला पुन्हा बोलावतं. तिसरं पान उलगडलं की राखण थांबवावी आणि खोटा कावळा, पट्ट्या, बुजगावणं सगळं त्याच दिवशी काढून घ्यावं. ते शेतात तसंच राहिलं तर रब्बीत ज्वारी हुरड्यावर येईपर्यंत पाखरं त्याला सरावलेली असतील.