आत्मस्थ आणि परस्थ हास्य

‘नाट्यशास्त्रा’च्या सहाव्या अध्यायात भरताने हास्याचे दोन प्रकार सांगितले आहेत. स्वतः हसणे ते आत्मस्थ, दुसऱ्यास हसविणे ते परस्थ. हा भेद वरवर किरकोळ वाटतो. परंतु अभिनवगुप्ताने योजिलेला दृष्टान्त मार्मिक आहे. आंबट डाळिंब खाणाऱ्यास पाहून पाहणाऱ्याच्याही तोंडास पाणी सुटते, तसेच हास्य संक्रमित होते.

मात्र धारण केलेले हास्य खुद्द नटाच्या मनास स्पर्श करते काय? विल्यम जेम्सच्या १८८४ मधील प्रतिपादनानुसार शारीर विकार आधी घडतो आणि त्याची जाणीव म्हणजेच भावना. १९ देशांत घेतलेल्या व २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, हसऱ्या चेहऱ्याचे जाणीवपूर्वक अनुकरण करणाऱ्यांची प्रसन्नता वाढली, पण अल्पच; तोंडात लेखणी धरून स्नायूंना दिलेल्या आकाराचा परिणाम संदिग्ध राहिला. अभिनय म्हणजे केवळ अंगविक्षेप नव्हे, असे म्हणणाऱ्या आपल्या परंपरेस यात नवल वाटू नये.

तरीही शंका उरते. आर्ली हॉकशिल्ड यांच्या १९८३ मधील ग्रंथातील विमानपरिचारिका वेतनासाठी हसतात. प्रवासी सुखावतात, त्या स्वतः मात्र आपल्याच हास्याला परक्या होतात. परस्थ हास्य येथे आहे. आत्मस्थाचा पत्ता नाही.